फ्रिज थंडी तयार करत नाही! : मोटारहोममधल्या फ्रिजला पंखा का लावतात?

विद्यार्थी मित्रांनो, उष्णतेचा पाठ शिकताना आपण तीन शब्द पाठ करतो : वहन, अभिसरण आणि प्रारण. परीक्षेत व्याख्या लिहितो, दोन गुण मिळवतो आणि विसरून जातो. आज हेच शब्द एका खऱ्या अडचणीत कसे कामाला आले, ते पाहू.

सांगा पाहू!

फ्रिजमध्ये थंडी कुठून येते? बहुतेक जण म्हणतील, "सर, फ्रिज थंडी तयार करतो." हे उत्तर चूक आहे. थंडी नावाची कुठलीही वस्तू नसते. फ्रिज आतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. विहिरीतून पाणी उपसावं, तशी तो उष्णता उपसतो. आता विचार करा, उपसलेलं पाणी विहिरीच्या काठावरच साचून परत आत झिरपू लागलं तर काय होईल? हा प्रश्न लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

अडचण काय होती?

माझा एक माजी विद्यार्थी अमेरिकेत असतो. त्याने जुनं मोटारहोम विकत घेतलं. मोटारहोम म्हणजे चाकांवरचं घर. झोपायची जागा, ओटा, गॅस, फ्रिज, सगळं एकाच गाडीत. जूनमध्ये तो आईला घेऊन ॲरिझोना राज्यात फिरायला निघाला. फिनिक्स शहराजवळ असताना त्याचा व्हॉट्सॲपवर निरोप आला, "सर, फ्रिज चालू आहे, पण आत चोपन्न दाखवतोय. बाहेर एकशे सहा. आईचं इन्सुलिन आहे आत. काय करू?"

हे आकडे फॅरनहाइटमधले. ५४ अंश फॅरनहाइट म्हणजे सुमारे १२ अंश सेल्सिअस आणि १०६ म्हणजे ४१. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं असतं. दूधही इतक्या तापमानाला लवकर नासतं. म्हणजे प्रश्न गार पाण्याचा नव्हता.

त्याला आधी सांगितलं, "अरे, औषधाच्या दुकानात फोन करून विचार आणि तोपर्यंत इन्सुलिन बर्फाच्या पेटीत ठेव. पण बर्फाला चिकटवून ठेवू नकोस, कारण एकदा गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही." मग फ्रिजचा विचार सुरू केला.

आणि इथे तुमच्या सरांचीच चूक झाली. मी म्हटलं, "फ्रिजच्या आत एक छोटा पंखा लाव, गार हवा फिरेल." त्याने लावला. तापमान ५४ वरून ५२ वर आलं. बस्स, तेवढंच. का बरं? ते समजायला हा फ्रिज आतून पाहावा लागेल.

हा फ्रिज आपल्या घरच्यासारखा नाही

आपल्या घरच्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर असतो. तो घरघरतो, वायू दाबतो. अनेक मोटारहोममध्ये मात्र शोषण पद्धतीचा फ्रिज असतो. त्यात कॉम्प्रेसर नाही, पंप नाही, फिरणारा एकही भाग नाही. तो चक्क गॅसच्या छोट्या ज्योतीवर चालतो! वीज मिळाली तर ज्योतीऐवजी विजेचा हीटर. रानावनात गाडी उभी केली तरी सिलिंडरवर फ्रिज चालू राहतो, म्हणून ही पद्धत तिथे रुजली.

अमोनियावर चालणारं शोषण यंत्र एकोणिसाव्या शतकातच फ्रान्समध्ये फेर्दिनां कारे यांनी बनवलं होतं. पण पंपाशिवाय चालणारा फ्रिज १९२२ मध्ये स्वीडनमधल्या स्टॉकहोमच्या तंत्रशिक्षण संस्थेत बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी शोधला. हो, विद्यार्थ्यांनी! पुढे इलेक्ट्रोलक्स कंपनीने तो बाजारात आणला.

त्याचं काम चार टप्प्यांत होतं :

१. तापवणे : मागच्या बाजूला खाली अमोनिया आणि पाणी यांचं मिश्रण असतं. ज्योतीने ते तापलं की अमोनियाची वाफ होऊन वर जाते.

२. संघनन : ही वाफ सर्वांत वर, मागच्या पत्र्याच्या पात्यांच्या जाळीत येते. तिथे ती उष्णता बाहेरच्या हवेला देते आणि द्रव होते.

३. बाष्पीभवन : द्रव अमोनिया आतल्या नळीत उतरतो. तिथे हायड्रोजन वायू असतो. हायड्रोजनमुळे अमोनियाचा आंशिक दाब कमी होतो आणि तो अगदी कमी तापमानालाही उडू लागतो. उडताना लागणारी उष्णता तो फ्रिजमधल्या दुधाकडून, भाजीकडून घेतो. कोरड्या हवेत ओले कपडे पाणी न उकळताही वाळतात ना? तसंच हे.

४. शोषण : अमोनियाची वाफ खाली येऊन पुन्हा पाण्यात विरघळते. हलका हायड्रोजन वर परततो आणि चक्र पुन्हा सुरू होतं.

आता दुसरा टप्पा पुन्हा वाचा. वाफेचा द्रव झाला नाही, तर तिसऱ्या टप्प्याला द्रवच मिळणार नाही. मग आत कितीही पंखे लावा, उष्णता उचलायला कुणी नाही!

जाळी गार राहणं इतकं महत्त्वाचं का?

अमोनियाची वाफ ५० अंश सेल्सिअसला द्रव व्हायची असेल, तर सुमारे २० बार दाब लागतो. ६० अंशांना सुमारे २६ बार. (१ बार म्हणजे जवळजवळ आपल्या वातावरणाचा दाब.) अशा फ्रिजच्या बंद नळ्यांमध्ये कारखान्यातच साधारण २५ बारच्या आसपास दाब भरलेला असतो. म्हणजे जाळी ६० अंशांकडे सरकली की द्रव होणं अडखळू लागतं.

फिनिक्समध्ये हे अवघड नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात त्या शहरात सलग ३१ दिवस कमाल तापमान ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४३ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त होतं. शिवाय दोन्ही बाजूंनी मार बसतो. बाहेर २५ अंश आणि आत ४ हवे असतील, तर फरक २१. बाहेर ४० असतील तर फरक ३६. भिंतींतून आत झिरपणारी उष्णता या फरकाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे काम जवळजवळ पावणेदोन पट झालं आणि काम करणाऱ्याची ताकद मात्र घटली.

मागच्या हवेची गोष्ट

मोटारहोमच्या बाहेरच्या भिंतीला, फ्रिजच्या मागे, खाली एक जाळीदार झरोका असतो. दुसरा झरोका छतावर असतो. गरम हवा हलकी होऊन वरून निघून जाते, खालून ताजी हवा येते. चुलीच्या धुराड्यासारखंच. हेच अभिसरण.

पण हे अभिसरण फार दुबळं आहे. ४० अंशांची हवा घनमीटरला सुमारे १.१३ किलो भरते, ५५ अंशांची १.०८ किलो. फरक जेमतेम ५० ग्रॅम! एवढ्याशा फरकावर हवेने वर चढायचं. त्यात काही गाड्यांत वरचा झरोका छतावर नसून भिंतीतच असतो. तिथे झरोक्याच्या वरच्या कोपऱ्यात गरम हवा कोंडून बसते. माझ्या विद्यार्थ्याच्या गाडीत हेच होतं. उपसलेलं पाणी काठावर साचलं होतं!

उदाहरण सोडवू

समजा, फ्रिजचा हीटर ३५० वॉटचा आहे, म्हणजे दर सेकंदाला ३५० ज्यूल उष्णता मागे सोडली जाते. (आतून उपसलेली उष्णता सोपेपणासाठी सोडून देऊ.) बाहेर ४० अंश. मागची हवा १० अंशांनीच तापावी अशी इच्छा आहे. दर सेकंदाला किती हवा जायला हवी?

उष्णता = वस्तुमान × विशिष्ट उष्मा × तापमानातील वाढ

हवेचा विशिष्ट उष्मा सुमारे १००० ज्यूल प्रति किलो प्रति अंश धरू.

३५० = वस्तुमान × १००० × १०

वस्तुमान = ०.०३५ किलो, म्हणजे ३५ ग्रॅम.

३५ ग्रॅम हवेचं आकारमान सुमारे ३१ लिटर. म्हणजे सेकंदाला ३१ लिटर हवा हवी.

आता हवा निम्मीच, सुमारे १५ लिटर गेली तर? वाढ दुप्पट, २० अंश. हवाच ६० अंशांवर पोहोचली. वर दिलेला २६ बारचा आकडा आठवा. फ्रिज का थकला, हे गणितातूनच दिसलं.

मग पंखा कसा लावायचा?

एक गोष्ट नीट समजून घ्या. पंखा हवा थंड करत नाही, फक्त हलवतो. पण तापलेल्या पात्यांभोवती गरम हवेचं जे पांघरूण बसलेलं असतं, ते तो काढून टाकतो.

कॉम्प्युटरच्या डब्यात असतो तसा १२ व्होल्टचा, १२० मिलिमीटरचा ब्रशलेस पंखा पुरतो. त्याला साधारण ०.२ ॲम्पिअर लागतात, म्हणजे २.४ वॉट. दोन पंखे दिवसरात्र चालले तरी २४ तासांत ९.६ ॲम्पिअर-तास. मोटारहोमच्या बॅटरीला हे परवडतं. काळजी मात्र अशी घ्यावी :

- पंखा वर लावावा, जाळीच्या खालून वर हवा फेकणारा किंवा वरच्या झरोक्यातून बाहेर ओढणारा. खाली ज्योतीजवळ नको. वाऱ्याने ज्योत विझू शकते आणि ती नीट जळली नाही, तर विषारी कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो.
- जाळी आणि मागची भिंत यांच्यात मोठी फट असेल, तर हवा पात्यांतून न जाता फटीतून पळते. तिथे पत्र्याचा आडोसा लावून हवा पात्यांकडे वळवावी.
- तारेत फ्यूज हवाच. मागचा भाग तापला की पंखा आपोआप सुरू करणारा थर्मोस्टॅट लावला, तर थंडीत वीज वाया जात नाही.
- काम करताना गॅस आणि वीज दोन्ही बंद.
- अमोनियाचा उग्र वास आला किंवा मागे पिवळी पूड दिसली, तर नळी फुटली आहे असं समजावं. फ्रिज लगेच बंद करून जाणकाराला बोलवावं. तिथे पंखा काही करू शकत नाही.
- गाडी सपाट जागी उभी हवी. या फ्रिजमध्ये द्रव स्वतःच्या वजनाने वाहतो. गाडी फार कलली की तो अडतो आणि फ्रिज कायमचा बिघडू शकतो.

मग आतला पंखा निरुपयोगी का? नाही. तो वरची गरम आणि खालची गार हवा मिसळतो, त्यामुळे सगळीकडे तापमान सारखं राहतं. पण तो उष्णता फ्रिजबाहेर नेत नाही. माझी चूक इथेच झाली होती.

शेवटी काय झालं?

विद्यार्थ्याने फ्रिजची बाजू दुपारच्या उन्हात येणार नाही अशी गाडी वळवली, मागे दोन पंखे लावले, फटीला आडोसा केला. दुसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला, "सर, त्रेचाळीस!" म्हणजे ६ अंश सेल्सिअस. औषधाच्या दुकानातून आणलेलं नवं इन्सुलिन त्याने निर्धास्तपणे आत ठेवलं.

पण यातला किती फायदा पंख्याचा आणि किती सावलीचा? ते आम्हाला सांगता येत नाही, कारण तिन्ही गोष्टी एकाच दिवशी बदलल्या. अडचणीत ते योग्यच होतं. प्रयोग म्हणून मात्र तो अपुरा. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे लक्षात ठेवा.

करून पाहा

मोटारहोम आपल्याकडे नसलं तरी फ्रिज आहे. तो भिंतीला अगदी चिकटला आहे का? मागे किंवा वर कपडे, पिशव्या कोंबल्या आहेत का? मोठ्यांच्या मदतीने त्याच्या मागे आणि बाजूंना चार बोटं जागा करा. आधी आणि नंतर, आत मधल्या कप्प्यात पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर ठेवून २४ तासांनी नोंद घ्या. पेला का, तर दार उघडल्यावर हवेचं तापमान लगेच बदलतं, पाण्याचं नाही. खोलीचं तापमानही लिहा. दोन्ही दिवशी ते सारखं नसेल, तर तुलना करू नका.

स्वाध्याय

१. मोटारहोमच्या फ्रिजच्या मागे वहन, अभिसरण आणि प्रारण कुठे कुठे घडतं?
२. वरच्या उदाहरणात हीटर ३०० वॉटचा असेल आणि हवा १५ अंशांनी तापलेली चालत असेल, तर सेकंदाला किती ग्रॅम हवा लागेल?
३. पंखा हवा थंड करत नाही, तरी पंख्याखाली आपल्याला गार का वाटतं?
४. फ्रिजचं दार उघडं ठेवलं तर खोली गार होईल का? कारण द्या.

चौथा प्रश्न घरी सगळ्यांना विचारा. बहुतेकांचं उत्तर चुकेल. मग त्यांना फ्रिजच्या मागे किंवा बाजूला हात लावून बघायला सांगा. तिथे लागणारी ऊब म्हणजेच तुमच्या दुधातून उपसलेली उष्णता.