वेगांची बेरीज

पाच आणि तीन मिळून आठ होतात, हे लहान मूलही जाणते. परंतु ज्या राशींना परिमाणाबरोबर दिशाही असते, त्या सदिश राशींच्या बाबतीत पाच आणि तीन यांची बेरीज आठ येईल, दोन येईल, किंवा त्यांच्या दरम्यानची कोणतीही संख्या येईल. दोहोंच्या दिशा कळल्याखेरीज उत्तर देता येत नाही.

गंगा ओलांडणाऱ्या एखाद्या नावेचा विचार करू. सोयीसाठी पात्र १ किलोमीटर रुंद व प्रवाहाचा वेग सर्वत्र ताशी ३ किलोमीटर मानू. (काठाजवळ तो मंद असतो, हे कोणताही नावाडी सांगेल.) संथ पाण्यात ही नाव ताशी ५ किलोमीटर वेगाने जाते.

नावेचे तोंड थेट समोरच्या घाटाकडे ठेवल्यास दोन्ही वेग परस्परांशी काटकोन करतात. कागदावर ५ सेंटिमीटर लांबीचा बाण काढावा. त्याच्या टोकापासून प्रवाहाच्या दिशेने ३ सेंटिमीटरचा दुसरा काढावा. पहिल्याचा आरंभ व दुसऱ्याचे टोक जोडणारी रेषा हा परिणामी वेग होय. पायथागोरसच्या सिद्धांतानुसार तो ३४ चे वर्गमूळ, म्हणजे ताशी सुमारे ५.८ किलोमीटर येतो. समांतरभुज चौकोनाचा कर्ण काढूनही हेच उत्तर मिळते. बलांच्या बाबतीत हा नियम न्यूटनने १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’मध्ये गतिनियमांच्या पाठोपाठ मांडला आहे.

आता एक मौज पाहा. नाव १२ मिनिटांत पैलतीरी पोचते. पाणी स्थिर असते तरी तेवढाच वेळ लागला असता! प्रवाह तिला उशीर करीत नाही, फक्त ६०० मीटर खाली नेतो.

नेमका समोरचाच घाट गाठावयाचा, तर तोंड प्रवाहाविरुद्ध सुमारे ३७ अंशांनी वळविले पाहिजे. मग ५ हा काटकोन त्रिकोणाचा कर्ण होतो, ३ ही एक बाजू, आणि परिणामी वेग उरतो ताशी ४ किलोमीटर. वेळ १५ मिनिटे.

पावसाळ्यात प्रवाह ताशी ६ किलोमीटर झाला, तर? कर्णापेक्षा बाजू मोठी असणारा काटकोन त्रिकोण काढता येत नाही. पात्र तेवढेच राहिले असे धरले, तरी तोंड सरळ ठेवणारी नाव १२०० मीटर खाली जाईल; ते वळवून हे अंतर कमी करता येईल, नाहीसे करता येणार नाही. म्हणून नावाडी प्रथम दोराने नाव काठाकाठाने प्रवाहाविरुद्ध दूरवर ओढीत नेतो, आणि मगच ती धारेत घालतो.