फोटोतली वायर काढताना: काय करावं, काय टाळावं

मेणवलीच्या घाटावर लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात. काळ्या पाषाणाच्या पायऱ्या, मागे देऊळ, खाली कृष्णेचं पाणी. आणि फ्रेममध्ये हमखास एक मोटरसायकल, वाळत घातलेली चादर, विजेच्या दोन वायरी. "दादा, एवढं काढून टाका ना," हे वाक्य मी वाईतल्या स्टुडिओत रोज ऐकतो.

या कामात एक गोष्ट आधी समजून घ्यायला हवी. कुठलंही सॉफ्टवेअर फोटोतून काही काढत नाही, ते भरतं. मोटरसायकलच्या मागे काय होतं ते कॅमेऱ्याने पाहिलेलंच नसतं. ती गेली की तिथे भोक पडतं आणि ते कशाने तरी बुजवावं लागतं. कशाने बुजवायचं, आणि बुजवायचा आपल्याला हक्क आहे का, हे दोन प्रश्न मनात ठेवून पुढची यादी वाचा.

करा: शटर दाबण्याआधी दोन पावलं सरका.
डोक्यातून उगवलेला खांब डावीकडे दोन फूट सरकलं की खांद्यामागे जातो. थोडं खाली बसलं की वायरी आभाळात न येता झाडीत लपतात. प्लॅस्टिकची पिशवी हाताने उचलून बाजूला ठेवायला दहा सेकंद लागतात, कॉम्प्युटरवर दहा मिनिटं.

करा: गर्दीच्या जागी एकाच ठिकाणाहून दहा-पंधरा फोटो घ्या.
मधे पंधरा-वीस सेकंद जाऊ द्या. कॅमेरा हलू देऊ नका. नंतर हे फोटो फोटोशॉपमध्ये एकत्र आणून त्यांचा 'मीडियन' काढा. प्रत्येक ठिपक्याची सगळ्या फोटोंमधली मूल्यं चढत्या क्रमाने लावून मधलं मूल्य उचललं जातं. एखाद्या जागी माणूस दोन-तीन फोटोंत उभा असेल आणि बाकीच्यांत नसेल, तर मधलं मूल्य मागच्या भिंतीचंच येतं आणि माणूस निघून जातो. जो माणूस अर्ध्याहून जास्त फोटोंत तिथेच बसून आहे, तो मात्र राहतो. मला ही पद्धत सगळ्यांत प्रिय आहे, कारण इथे भोक खऱ्या गोष्टीने भरतं. ती भिंत कॅमेऱ्याने खरोखर पाहिलेली असते. वेरूळ-अजिंठ्यासारख्या पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी ट्रायपॉडला आधी परवानगी लागते. ती नसेल तर हात भक्कम ठेवा आणि फोटो आधी 'ऑटो-अलाइन' करून घ्या.

करा: रिकाम्या लेयरवर काम करा.
फोटोवर नवी कोरी लेयर घ्या. फोटोशॉपमध्ये नमुना 'करंट अँड बिलो'वर ठेवा, गिम्पमध्ये 'सँपल मर्ज्ड'वर खूण करा. सगळी दुरुस्ती वरच्या लेयरवर जाते, खालच्या फोटोला बोटही लागत नाही. चूक झाली तर तेवढाच भाग खोडता येतो. गिम्प फुकट आहे आणि या कामाला पुरेसं आहे, हे शिकणाऱ्या मुलांना मी आवर्जून सांगतो.

करा: हत्यार ओळखून उचला.
क्लोन स्टॅम्प जसंच्या तसं उचलतो आणि तसंच ठेवतो. २००२ साली फोटोशॉप ७ मध्ये आलेला हीलिंग ब्रश पोत तिकडचा घेतो, पण रंग आणि उजेड इकडचा जुळवतो. म्हणून चेहरा, आभाळ, चुन्याची भिंत अशा सपाट जागी तो चांगला. २०१० साली 'कंटेंट-अवेअर फिल' आलं. प्रिन्स्टन विद्यापीठ आणि अडोबी इथल्या संशोधकांनी २००९ मध्ये मांडलेली पॅचमॅच ही पद्धत त्यामागे आहे. ती त्याच फोटोतले जुळणारे तुकडे शोधून भोकात बसवते. गवत, वाळू, लाटा, खडी यांना हे उत्तम. २०२३ पासूनचं 'जनरेटिव्ह फिल' याहून पूर्ण वेगळं आहे. ते तुमच्या फोटोतून काही आणत नाही. लाखो चित्रांवरून शिकलेल्या अंदाजाने नवं चित्र रचतं.

टाळा: दोन रंगांच्या कडेजवळ हीलिंग ब्रश.
पांढरं उपरणं आणि काळी शेरवानी जिथे भेटतात तिथे तो चालवला की करडा डाग पसरतो, कारण तो दोन्हीकडचा उजेड मिसळायला बघतो. कडेला क्लोन स्टॅम्पच हवा, तोही कडक टोकाचा. मग आतला भाग हीलिंगने करा.

करा: वायर काढताना शिफ्ट वापरा.
एका टोकाला क्लिक, शिफ्ट दाबून दुसऱ्या टोकाला क्लिक, मधली सरळ रेषा आपोआप पुसली जाते. ब्रश वायरीपेक्षा किंचित जाड घ्या. लोंबणारी वायर लहान लहान तुकड्यांत घ्या.

टाळा: एकाच जागेचा नमुना पुन्हा पुन्हा.
भिंतीवर तोच पोपडा तीनदा दिसला की बघणाऱ्याचा डोळा तिथेच अडकतो. फोटोशॉपमध्ये ऑल्ट दाबून दर दोन-चार फटकाऱ्यांनी नवी जागा घ्या.

करा: दगडाच्या सांध्यापासून सुरुवात करा.
घाटाची पायरी, फरशी, कौलांची ओळ, खिडकीचे गज अशा सरळ रेषा आधी जोडायच्या आणि मधला पृष्ठभाग नंतर भरायचा. क्लोन करताना नमुना बरोबर सांध्यावर घ्या आणि ठेवायची जागाही बरोबर सांध्यावर धरा. लांब जाणाऱ्या फरशीला फोटोशॉपमधलं 'व्हॅनिशिंग पॉइंट' उपयोगी पडतं. पलीकडच्या फरशा लहान होत जातात, हे त्याला कळतं.

करा: वस्तूसोबत तिची सावली न्या. तिचं प्रतिबिंबही.
सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. घाटावरची मोटरसायकल पुसली, पायऱ्या नीट जुळवल्या, पण सकाळच्या उन्हात तिची लांब सावली तीन पायऱ्यांवर तशीच पडलेली. सावली पुसली तर पाण्यात तिचं चाक उलटं हलतंय. लग्नाच्या फोटोत मागचा लाइटवाला मुलगा काढला, पण समईच्या पितळेत तो उभाच आहे, मामांच्या चष्म्यात त्याची पांढरी छत्री चमकतेय. लाल खुर्ची काढली तर नवरीच्या कोपराखाली तिची लाली उरते, कारण रंगीत वस्तू शेजारच्या अंगावर आपला रंग टाकते. मी आता आधी कागदावर यादी करतो. वस्तू कुठे टेकते, उजेड कुठून येतो, सावली कुठवर जाते, चकाकणारं काय काय आहे. मगच माऊस हातात घेतो. आणि उलटही लक्षात ठेवा. काढलेल्या माणसाची सावली ज्याच्या अंगावर पडली होती, त्याला आता उजेड द्यावा लागतो.

टाळा: ज्या वास्तूला स्वतःचा आकार आहे, तिथे जनरेटिव्ह फिल.
आमच्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, कृष्णेच्या पुराचं पाणी तिथे दुभंगावं म्हणून. तिच्यासमोरचा फ्लेक्स या साधनाने काढला तर मागे छान, स्वच्छ, सरळ भिंत येते. कुठल्याही देवळाला शोभेल अशी, आणि या देवळाची नसलेली. ज्याने वाई पाहिलेली नाही त्याला फोटो आवडेल. ज्याने ती भिंत पुरात पाहिली आहे त्याला दुखेल. अशा वेळी तिथे पुन्हा जा, दुसऱ्या कोनातून भिंतीचा फोटो घ्या आणि तो तुकडा आणून बसवा. जमत नसेल तर फ्लेक्स राहू द्या.

करा: भरलेल्या भागाला कण द्या.
कमी उजेडात काढलेल्या फोटोत बारीक कण असतात. भरलेला भाग गुळगुळीत दिसतो आणि उघडा पडतो. थोडा 'नॉइज' घाला. शार्पनिंग सगळ्यात शेवटी.

करा: तीन वेळा तपासा.
एकदा शंभर टक्के मोठं करून. एकदा अंगठ्याएवढं लहान करून, कारण उजेडाची ठिगळं लहान चित्रातच कळतात. एकदा वर तात्पुरता 'कर्व्हज'ची लेयर टाकून कॉन्ट्रास्ट भरपूर वाढवा. आभाळात वायरीच्या जागी राहिलेला पट्टा लगेच दिसेल. फोटो आडवा उलटवून पाहिलात तरी सरावलेली नजर ताजी होते.

करा: फोनवरची साधनं लहान कामाला बिनधास्त वापरा.
गूगलचं 'मॅजिक इरेझर' २०२१ साली पिक्सेल ६ फोनसोबत आलं आणि २०२४ पासून गूगल फोटोज वापरणाऱ्या इतरांनाही मिळालं. आयफोनवर 'क्लीन अप' २०२४ मध्ये आलं. स्नॅपसीडमध्ये 'हीलिंग' त्याच्याही आधीपासून आहे. वाळूतला कागद, आभाळातला पक्षी यांसाठी मोठं सॉफ्टवेअर उघडायची गरज नाही. माणसाच्या हातापायाजवळ आलात की मात्र थांबा. बोटं बिघडतात.

टाळा: घरातले फोटो अनोळखी फुकट वेबसाइटवर चढवणं.
लहान मुलांचे तर मुळीच चढवू नका. आपण काय चढवलं ते तिकडे किती दिवस राहतं, हे तुमच्या हातात नसतं. जनरेटिव्ह फिलसुद्धा तुमच्या कॉम्प्युटरवर नाही, कंपनीच्या सर्व्हरवर चालतं. गिऱ्हाइकाला तसं सांगून मगच वापरा.

टाळा: दुसऱ्याच्या फोटोवरचं नाव पुसणं.
कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेल्या कलम ६५ ब नुसार हक्कासंबंधीची माहिती जाणूनबुजून, परवानगीशिवाय काढणं हा गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पत्रिकेवर टाकायला देवाचा फोटो हवा असेल तर काढणाऱ्याला विचारा. बहुतेक जण आनंदाने देतात.

टाळा: बातमीचा फोटो साफ करणं.
४ मे १९७० रोजी अमेरिकेतल्या केंट स्टेट विद्यापीठात सैनिकांनी विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या. मृतदेहाशेजारी गुडघ्यावर बसून आक्रोश करणाऱ्या मुलीचा जॉन फायलो यांचा फोटो जगभर गेला, त्याला पुलित्झर मिळालं. त्यात मुलीच्या डोक्यामागे कुंपणाचा एक खांब आहे. १९९५ साली 'लाइफ' मासिकात तोच फोटो खांबाशिवाय छापून आला आणि मोठा वाद झाला. खांब गेल्याने घटनेत काही बदललं नाही, असं म्हणणारे तेव्हाही होते. मला ते पटत नाही. एक खांब गेला हे कळल्यावर वाचक उरलेल्या प्रत्येक गोष्टीकडे संशयाने बघतो, आणि त्या फोटोतला मृत्यू संशयाला जागा न देणारा हवा.

सीरियातल्या युद्धाचे फोटो काढणारे नार्सिसो कोन्त्रेरास यांनी एका फोटोच्या कोपऱ्यातला सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा पुसला होता. जानेवारी २०१४ मध्ये असोसिएटेड प्रेसने त्यांच्याशी संबंध तोडले आणि त्यांचे सुमारे ५०० फोटो संग्रहातून काढून टाकले. तो माणूस जीव धोक्यात घालून तिथे उभा होता. कोपऱ्यातला कॅमेरा तसाच राहिला असता तर फोटोचं काहीही बिघडलं नसतं.

तुम्ही वार्ताहर नसाल, पण अपघाताचा, पिकाच्या नुकसानीचा, हद्दीच्या भांडणाचा फोटो तुम्हीही काढता. त्यातली एक काडीही हलवू नका.

टाळा: विकायच्या जागेसमोरची विजेची डीपी पुसणं.
खिडकीतून दिसणारी डीपी, शेजारचं गटार, मोबाइलचा टॉवर हे घेणाऱ्याच्या पैशाशी जोडलेलं आहे. अशी कामं मी परत पाठवतो. पडलेला केर, अंगणातली बादली काढायला हरकत नाही. ते उद्या तिथे नसणारच आहे.

करा: मुरूम काढा. तीळ ठेवा.
मुरूम पंधरा दिवसांत जातो. तीळ, व्रण, देवीचे वण त्या माणसाचे आहेत. त्याने स्वतः सांगितलं तरच हात लावा. त्याच्या सासूने सांगितलं तर नाही.

टाळा: विचारल्याशिवाय माणूस काढणं.
ग्रुप फोटोच्या कडेला उभी असलेली साध्या लुगड्यातली बाई कामवाली समजून पुसायला मी एकदा घेतली होती. सहज विचारलं, "या कोण?" नवरीने सांगितलं की आई आजारी असताना तिला दोन वर्षं यांनीच सांभाळलं होतं. तेव्हापासून कडेच्या माणसांवर पेन्सिलने आकडे घालून मी प्रत्येकाबद्दल विचारतो.

करा: मूळ फाइल वेगळी ठेवा, तिच्यावर कधीही सेव्ह करू नका.
जेपीईजी पुन्हा सेव्ह केली की प्रत्येक वेळी थोडी गुणवत्ता जाते. हे तांत्रिक कारण. माझं कारण दुसरं आहे.

धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत एक गृहस्थ गावच्या घराचा फोटो घेऊन आले. मोठा करून फ्रेम करायचा होता. ओसरीसमोर दोरी होती, तिच्यावर हिरवं लुगडं वाळत होतं, खाली एक पत्र्याची बादली. "हे सगळं साफ करा, घर नीट दिसू दे," ते म्हणाले. मी मन लावून काम केलं. दोरीमागचे खांब जुळवले, लुगड्यामागचं दार अर्धं अंदाजाने रचलं आणि त्याच फाइलवर सेव्ह केलं. डिस्कवर जागा कमी होती. त्यांनी त्यांच्याकडची फाइलही माझ्याच पेन ड्राइव्हवरून बदलून घेतली.

काही वर्षांनी ते परत आले. घर पडलं होतं, आई गेली होती. ते लुगडं आईचं होतं. दोरीसकटचा फोटो आहे का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी त्यांच्यासमोर जुन्या तीन हार्ड डिस्क लावून संध्याकाळपर्यंत शोधलं. साफ केलेलं घर प्रत्येक डिस्कवर मिळालं.

आता प्रत्येक कामाच्या फोल्डरमध्ये 'मूळ' नावाचं आणखी एक फोल्डर असतं. त्याची एक प्रत दुकानात आणि एक घरी असते. गिऱ्हाइकाला पेन ड्राइव्ह देताना साफ केलेल्या फोटोसोबत मूळ फोटोही मी देतो, त्याने मागितला नसला तरी.