मुलाखतीपूर्वी मनाची झाडाझडती

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील ज्या कारखान्यात मी हिशेबनीस होतो, त्याला एके सकाळी टाळे लागले, आणि फाटकावर डकवलेल्या नोटिशीखेरीज कोणाही अधिकाऱ्याने आम्हांस एका शब्दाचा खुलासा केला नाही. त्या दिवशी मनात शिरलेला संताप पुढे प्रत्येक मुलाखतीस माझ्याबरोबर येत राहिला. अर्ज, प्रमाणपत्रे, अनुभवाचे दाखले यांची तयारी सगळेच उमेदवार करतात. परंतु मनाचीही तजवीज करावी लागते, हे आम्हांला कोणी सांगितलेले नसते.

एका मुलाखतीत समोरच्या वयस्क गृहस्थांनी अत्यंत सौम्यपणे विचारले, "आधीची नोकरी कशी सुटली?" प्रश्न केवळ रिवाजाचा होता. परंतु थकलेला पगार, ग्रॅच्युइटीसाठी घातलेले हेलपाटे, मालकांची बेपर्वाई असे एकेक सांगता सांगता माझा आवाज चढत गेला, आणि त्या गृहस्थांनी पेनाला टोपण लावून माझी फाईल हलकेच माझ्याकडे सरकवली. मी बोललो त्यांतले एक अक्षरही असत्य नव्हते. तथापि हा मनुष्य उद्या आपल्याविषयीही परक्या कचेरीत असेच बोलेल, ही शंका त्यांच्या मनात येणे स्वाभाविक होते.

पीटर सॅलोव्हे व जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची जी मांडणी केली, तीत आपल्या व इतरांच्या भावना ओळखून त्यांच्या आधारे विचार व वर्तन यांस दिशा देण्यावर भर आहे. राग गिळून हसतमुख बसणे म्हणजे ही बुद्धी नव्हे. रागाला वाट हवी, मात्र ती मुलाखतीच्या खोलीतून जाणारी नसावी. जेम्स पेनेबेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत नोकरी गमावलेल्या अनुभवी अभियंत्यांवर केलेला एक प्रयोग १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. आपली नोकरी जाण्याविषयीचे विचार आणि भावना ज्यांनी काही दिवस मनमोकळेपणाने लिहून काढल्या, ते इतरांपेक्षा लवकर कामाला लागले, आणि विशेष हे की त्यांनी इतरांहून अधिक मुलाखती दिल्या होत्या असे मुळीच नाही. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की, मुलाखतीच्या आधी काही रात्री बसून सारी तक्रार, शिव्याशापांसकट, कागदावर उतरवावी आणि तो कागद फाडून टाकावा. मगच त्या अटळ प्रश्नाचे उत्तर घरच्या माणसासमोर मोठ्याने म्हणून पाहावे: "कारखाना बंद झाला. तेथे मी पगारपत्रके आणि करांचे हिशेब सांभाळीत असे, आणि तेच काम आपल्याकडे करण्याची इच्छा आहे." याहून अधिक त्यांनी विचारल्यावाचून बोलू नये.

घरच्यांचा "काही कळलं का?" हा संध्याकाळचा प्रश्न मला तगाद्यासारखा लागे, वस्तुतः तो काळजीपोटी येई. आठवड्यातून एक दिवस ठरवून आपणच सगळी हकीकत सांगावी. बाकीचे दिवस त्यांनाही मोकळे जातात.

रिकामपण फार कपटी असते. गिरणी बंद पडल्याने बेकार झालेल्या ऑस्ट्रियातील मारिएनथाल या गावाचा जो अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात हाती वेळच वेळ असूनही लोक ग्रंथालयातून पूर्वीपेक्षा कमी पुस्तके नेऊ लागल्याची नोंद आहे. तेव्हा उठण्याची, अर्ज लिहिण्याची, फिरावयास जाण्याची वेळ कचेरीच्या वेळेइतकीच कसोशीने पाळावी.

सर्वांत अवघड असते ती लाज. नोकरी गेल्याचे कळू नये म्हणून आपण ओळखीच्या माणसांना चुकवतो, आणि नेमकी तीच माणसे उपयोगी पडतात. अगदी जिवलगांपेक्षा जुजबी ओळखीच्या लोकांकडून नोकरीची वार्ता अधिक वेळा मिळते, असे मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ च्या आपल्या निबंधात दाखवून दिले. माझी पुढील नेमणूकही आमच्या जुन्या कारखान्यास वह्या, रजिस्टरे पुरवणाऱ्या व्यापाऱ्यामुळे झाली. अशा माणसाकडे "मला कुठेतरी चिकटवा" अशी गळ घालू नये, कारण नाही म्हणणे त्याला जड जाते आणि पुढे तोच आपल्याला टाळू लागतो. "हिशेबाचे काम जाणणारा माणूस कोणाला हवा असल्याचे कानावर आले तर कळवा," एवढेच म्हणावे आणि त्याच्या दुकानाची, मुलाबाळांची चौकशी करून निघावे.