एचआयव्हीबाधित माता आणि स्तनपान : एक आरोग्यपाठ

"बाळाला अंगावर पाजू का?" एचआयव्हीबाधित मातेच्या या प्रश्नामागे दुहेरी भीती असते. पाजले तर संसर्गाची; न पाजले तर लोकांच्या प्रश्नांची. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते आणि पुष्कळदा माहेरच्यांनाही निदान ठाऊक नसते. म्हणून हा विषय केवळ वैद्यकीय राहत नाही.

उपचार न घेतल्यास गर्भावस्था, प्रसूती आणि स्तनपान मिळून १५ ते ४५ टक्के बालकांना मातेकडून संसर्ग होतो. २००० नंतरच्या दशकात प्रसूतीच्या वेळी मातेला नेव्हिरापिनची एक गोळी आणि नवजात बालकास त्याच औषधाची एक मात्रा, एवढाच उपाय बहुतेक ठिकाणी हाताशी होता. त्याने प्रसूतीतील धोका घटे. दुधातील धोका उरे. त्यामुळे अनेक मातांना वरचे दूध सुचविले जाई. परंतु पुण्यातील बाधित मातांच्या बालकांचा जो अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात वरच्या दुधावरील बालकांना पहिल्या काही महिन्यांत रुग्णालयात दाखल करण्याचे प्रमाण अधिक आढळले. एका रोगापासून वाचविलेले बाळ जुलाबाने वा न्यूमोनियाने दगावले, तर साधले काय?

पुणे, इथिओपिया व युगांडा येथील संशोधनाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. स्तनपान घेणाऱ्या बालकांना सहा आठवडे रोज नेव्हिरापिन दिल्यावर सहाव्या आठवड्यातील संसर्ग ५.३ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आला. सहा महिन्यांनंतर मात्र हा फरक बराच ओसरला. यातून बोध असा, की औषध चालू असेतो संरक्षण टिकते. भारतात २०१४ पासून प्रत्येक बाधित गर्भवतीस व स्तनदा मातेस आजन्म एआरटी देण्याचे धोरण आले, त्यामागील विचार हाच होय. औषधाने मातेच्या रक्तातील विषाणू नगण्य झाले की दुधातूनही धोका फार कमी होतो.

मातांना आम्ही पुढील गोष्टी सांगतो :

१. एआरटीची गोळी एक दिवसही चुकवू नये. बाळाचे औषध डॉक्टर सांगतील तितके आठवडे द्यावे.

२. पहिले सहा महिने केवळ अंगावरचे दूध पाजावे. मध, घुटी, साखरपाणी, वरचे दूध काहीही देऊ नये. अशा पदार्थांनी आतड्याच्या नाजूक अस्तरास इजा होते व विषाणूला वाट मिळते. घरच्यांनी चुकून काही चाटविले, तरी पाजणे थांबवू नये.

३. स्तनाग्रास चीर पडल्यास वा गाठ येऊन दुखल्यास त्या बाजूचे दूध काढून टाकावे, दुसऱ्या बाजूने पाजावे व त्वरित दाखवावे. बाळाच्या तोंडातील पांढरे चट्टेही दुर्लक्षू नयेत.

४. सहा महिन्यांनंतर वरचा आहार सुरू करून किमान वर्षभर पाजावे. थांबविताना हळूहळू थांबवावे.

५. बाळाची पहिली तपासणी सहाव्या आठवड्यात करावी. अंतिम निदान अठरा महिन्यांनंतर, स्तनपान थांबल्यावरच होते.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात एक अडचण वेगळीच आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतील कुटुंबे ऊसतोडणीसाठी कित्येक महिने गाव सोडतात. ओली बाळंतीणही कोपीवर जाते आणि औषधाचा खंड नेमका तेथेच पडतो. निघण्यापूर्वी एआरटी केंद्रास कळविल्यास जास्त दिवसांची औषधे किंवा मुक्कामाजवळच्या केंद्राची चिठ्ठी मिळू शकते, हे प्रत्येक मातेस ठाऊक असावयास हवे.

गावातील साधी स्त्री आरोग्याची गोष्ट शेजारणीस पटवून देऊ शकते, हे जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून चालविलेल्या कार्याने दाखवून दिले. मातेचे गुपित राखणे ही २०१७ च्या कायद्यानेही आम्हांवर घातलेली जबाबदारी आहे. वाचकांस विनंती एवढीच : बाळंतिणीला "वरचे का देत नाहीस?" असा आग्रह करू नये. तिची गोळी वेळेवर आणि बाळाचे पाजणे निर्वेध, एवढे साधले तरी एक बालक वाचते.