परिक्रमेच्या वाटेवर काय जपावे?

नर्मदा परिक्रमेला निघणाऱ्यांना मी आधी सांगतो, जपावं लागेल असं सामानच कमी घ्या. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूतांच्या चोवीस गुरूंत कुरर पक्षी आहे. चोचीतल्या मांसासाठी बलवान पक्ष्यांनी त्याला घेरलं. तुकडा टाकताच तो सुखी झाला. म्हणून साखळी, अंगठी घरीच ठेवावी.

पण नर्मदाजलाची कुपी, नित्यपाठाची पोथी, औषधं आणि आधारकार्ड सोडून कसं चालेल? पोथी व कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधावेत. पैसे दोन ठिकाणी ठेवावेत. घरचा फोन नंबर कागदावर लिहून झोळीत ठेवावा. स्नानाच्या वेळी सोबत्यांनी पाळीपाळीने सामानापाशी बसावं. मुक्काम सोडताना जागा एकदा नीट पाहावी.

एवढं करूनही काही हरवलं, तर आपल्याकडे कार्तवीर्यार्जुनाचं स्मरण करतात. दत्तप्रभूंचा हा भक्त नर्मदाकाठच्या माहिष्मतीचाच राजा. स्मरण करावं, आश्रमात विचारावं, आल्या वाटेने शोधावं. मात्र सोबत्यावर संशय घेऊ नये. वस्तू पुढच्या गावात दुसरी मिळेल. तोंडातून गेलेला शब्द परत घेता येत नाही, आणि वाट तर त्याच्यासोबतच चालायची असते.

नर्मदे हर!