दोन वेळचे भोजन आणि राष्ट्रीय आहार मार्गदर्शिका

वजन कमी करू इच्छिणाऱ्यांना आज दोन सल्ले ऐकू येतात आणि वरवर पाहता ते परस्परविरोधी वाटतात. घरात कोणता सल्ला पाळावा, असा प्रश्न रुग्णांच्या कुटुंबीयांना पडतो. म्हणून दोहोंचा संबंध येथे थोडक्यात मांडला आहे.

पहिला सल्ला डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रभर पोहोचविला. नागपूरचे दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर तो आधारलेला आहे. कडकडून भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच जेवावे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवावे, गोड टाळावे आणि रोज ४५ मिनिटे चालावे, असे त्याचे स्वरूप आहे. खाल्ल्यावर इन्सुलिन स्रवते व ते चरबी साठविण्यास साहाय्य करते; म्हणून खाण्याच्या वेळा कमी कराव्यात, ही त्यामागील उपपत्ती.

दुसरा सल्ला हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेचा. तिच्या २०११ च्या मार्गदर्शिकेत थोडे थोडे, नियमित अंतराने खावे व कडक उपवास टाळावेत, असे म्हटले होते. मतभेद आहे तो येथेच. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शिकेत १७ सूत्रे असून २००० कॅलरींचे दिवसभराचे ताट आखून दिले आहे : धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, डाळी-अंडी-मासे-मांस मिळून ८५ ग्रॅम, तेलबिया व सुकामेवा ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम आणि दूध किंवा दही ३०० मिलिलिटर.

एक सल्ला मुख्यतः केव्हा खावे हे सांगतो, तर दुसरा काय व किती खावे हे सांगतो. त्यामुळे दोनदाच जेवणाऱ्यानेही हे ताट त्या दोन जेवणांत पूर्ण करावयास हवे. आमच्या भागात भाताचा डोंगर व त्यावर पातळ कालवण, असे ताट सर्रास दिसते. ते दोनदा वाढले तरी भाज्या व प्रथिने उणीच राहतात. भात आवरता घेऊन वाल, मूग, ताजे मासे, नागलीची भाकरी व पालेभाजी यांना जागा दिली, तर दोन्ही सल्ल्यांचा मान राखला जातो. साखर कमी करणे व नियमित चालणे यांविषयी तर दोहोंचे एकमतच आहे. वजन आठवड्यास अर्धा किलो या गतीने उतरणे सुरक्षित मानले जाते.

मात्र काहींनी विशेष सावध राहावे. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्याने आपल्या मनाने जेवण वगळल्यास रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरू शकते; औषधाची मात्रा आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. तारापूर औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करणाऱ्या मधुमेही कामगारांनी आपल्या पाळीच्या वेळाही डॉक्टरांना सांगाव्यात. गर्भवती, स्तनदा माता व वाढत्या वयाची मुले यांच्यासाठी वजन घटविण्याचा कोणताही कार्यक्रम नाही.

हे शेवटचे वाक्य आपल्या जिल्ह्यात अधिक महत्त्वाचे ठरते. कुंभवली-बोईसरकडे पोट सुटल्याची तक्रार असते, तर त्याच पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्यात बालकांचे कुपोषण ही जुनी व्यथा आहे. एकाच घरात स्थूल वडील व रक्तक्षय झालेली मुलगी असू शकते. वडिलांनी एक जेवण कमी केले म्हणून मुलीचे ताट आखडू नये, एवढे भान प्रत्येक कुटुंबाने ठेवावे, ही विनंती.