अंगण वांकडें असेल तर : अर्धपोकळ गिटारीचा एक पाठ

'नाचतां येईना, अंगण वांकडें' ही म्हण सर्वांच्याच तोंडीं असते. शिक्षकांच्या तोंडीं तर ती थोडी अधिकच असते. गेल्या वर्षीं आम्हीं ती एका विद्यार्थ्यास ऐकविली, आणि ती चुकीच्या जागीं ऐकविली. त्या चुकीची हकीकत सांगतां सांगतां विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस एका वाद्याची ओळख करून द्यावी, हा या लेखाचा हेतु आहे.

आमच्याजवळ एक अर्धपोकळ विद्युत् गिटार आहे. ती जुनी आहे व थोडक्या किंमतीस घेतलेली आहे. शाळा सुटल्यावर दोन-चार मुलें तिच्यावर हात बसवितात. त्यांपैकीं एक मुलगा खुंट्यांकडील पडद्यांवर उत्तम वाजवी. परंतु बोटें पेटीजवळ आलीं कीं त्याचे सूर चढे लागत. 'तुझा कान कच्चा आहे. गिटारीला बोल लावूं नकोस,' असें आम्हीं त्यास चारचौघांत म्हटलें. तो कांहीं बोलला नाहीं. मात्र दुसऱ्या दिवसापासून यावयाचा बंद झाला.

दोष कोणाचा होता हें समजण्यासाठीं प्रथम हें वाद्य बोलतें कसें तें पाहूं. तारांखालीं 'पिकअप' नांवाचा भाग बसविलेला असतो. त्यांत चुंबक असून त्याच्या भोंवतीं तांब्याच्या अतिशय बारीक तारेचे हजारों वेढे असतात. पोलादी तार चुंबकाजवळ कांपूं लागली कीं वेढ्यांतील चुंबकीय क्षेत्र कमी-अधिक होतें, आणि त्यांत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. १८३१ सालीं मायकेल फॅरडे यांनीं दाखवून दिलेलें तत्त्व तें हेंच. हा प्रवाह ॲम्प्लिफायर वाढवितो व स्पीकर त्याचा पुन्हां ध्वनि करतो. या गिटारीवर नायलॉनची तार चढविली तर पिकअप मुकाच राहील, याचें कारण विद्यार्थ्यांनीं आपणच शोधावें.

आतां 'अर्धपोकळ' म्हणजे काय? १९३६ सालीं अमेरिकेंतील गिब्सन कंपनीनें 'ईएस-१५०' ही विद्युत् गिटार काढली. तिची पेटी पूर्ण पोकळ होती. चार्ली ख्रिश्चन या तरुण वादकानें १९३९ पासून बेनी गुडमन यांच्या वादकसंचांत अशी गिटार वाजवून तिला मान मिळवून दिला. परंतु पोकळ पेटीला एक खोड असते. आवाज फार वाढविला कीं स्पीकरचा ध्वनि पेटीस कांपवितो, पेटी तारांस कांपविते, तारांचा ध्वनि पुन्हां स्पीकरमधून येतो, आणि हें चक्र वाढतां वाढतां मोठा हुंकार उठतो. सभेंत ध्वनिक्षेपक मध्येंच किंचाळतो, त्यांतलाच हा प्रकार होय. भरीव लाकडाच्या गिटारींत ही खोड फारशी राहत नाहीं. पण पोकळ पेटीचा मऊपणाही तींत उतरत नाहीं.

लेस पॉल यांनीं १९४० च्या सुमारास पाइन लाकडाच्या चार इंची चौकोनी ठोकळ्यावर तारा चढविल्या व त्याच्या दोन्ही बाजूंस पोकळ गिटारीचे अर्धे भाग जोडले. पुढें १९५८ सालीं गिब्सन कंपनीची 'ईएस-३३५' निघाली. तिच्या दोन्ही बाजू पोकळ, आणि मध्यें मेपल लाकडाचा भरीव ठोकळा. हुंकार आवरला व मऊपणाही राहिला. हीच अर्धपोकळ गिटार.

अशी गिटार महाग असावयाची, असें पालकांस वाटेल. मूळची महाग आहेच. परंतु १९५७ सालीं गिब्सनकडे आलेल्या एपिफोन कंपनीच्या नांवानें, तसेंच इतर कंपन्यांच्या नांवानेंही, तशाच घडणीच्या स्वस्त गिटारी मिळतात. 'स्वस्त गिटार प्लायवुडची असते' म्हणून कोणी नाक मुरडील, तर त्यास सांगावें कीं मूळच्या महाग गिटारीची पेटीही मेपलचे पातळ थर चिकटवूनच केलेली असते. शिवाय पेटी अर्धी पोकळ असल्यामुळें ॲम्प्लिफायर न जोडतांही खोलीपुरता आवाज येतो. लहान घरांत, शेजाऱ्यांची झोंप न मोडतां, रात्रीं सराव करतां येतो.

स्वस्त वाद्यांत बहुधा वांचविलेले असतात ते जुळणीचे श्रम. म्हणून घेतांना दांडी सरळ आहे कीं नाहीं, प्रत्येक पडद्यावर सूर स्वच्छ निघतो कीं नाहीं, खुंट्या घट्ट आहेत कीं नाहींत, हें पाहावें. आणि नव्या तारांसाठीं व जुळणीसाठीं थोडे पैसे बाजूस ठेवावे. पावसाळ्यांत दमट हवेनें लाकूड फुगतें व तारा गंजतात. म्हणून वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्यानें पुसाव्या.

परंतु सर्वांत महत्त्वाची परीक्षा पुढीलप्रमाणें आहे. बारावा पडदा तारेच्या मध्यावर येतो; तार २४¾ इंच असेल तर तो १२⅜ इंचांवर. अर्ध्या तारेचीं कंपनें दुप्पट, म्हणजे सूर एक सप्तक वरचा. प्रथम बाराव्या पडद्याच्या बरोबर वर बोट नुसतें टेकवून तार छेडावी व लगेच बोट उचलावें; नंतर त्याच पडद्यावर तार दाबून छेडावी. दोन्ही सूर एक व्हावयास पाहिजेत. मात्र दाबल्यानें तार किंचित् ताणली जाते व सूर चढतो. तेवढी भरपाई करण्यासाठीं घोडीवर प्रत्येक तारेची लहानशी बैठक स्क्रूनें पुढें-मागें सरकविण्याची सोय असते. दाबलेला सूर चढा असेल तर बैठक दांडीपासून दूर न्यावी. उतरा असेल तर जवळ आणावी.

तो मुलगा येईनासा झाल्यावर एके संध्याकाळीं आम्हीं ही परीक्षा करून पाहिली. सहाही तारा चढ्या निघाल्या. मुलाचा कान पक्का होता. अंगणच वांकडें होतें, आणि तें सरळ ठेवण्याचें काम आमचें होतें. आम्हीं एक तार जुळवून पाहिली. दहा मिनिटेंही लागलीं नाहींत.

दुसऱ्या दिवशीं आम्ही त्याच्या घरीं गेलों व त्याच्या आईवडिलांदेखत आपली चूक कबूल केली. तो थोडा वेळ उंबऱ्याकडे पाहत उभा राहिला. मग त्यानें विचारलें, "सर, बाकीच्या पांच तारा मीं जुळविल्या तर चालेल का?"

त्या पांच तारा त्यानेंच जुळविल्या आहेत. वाद्य थोडक्या किंमतीचें असलें तरी चालतें. मात्र तें आपण समजून घेतलेलें असावें. आणि विद्यार्थ्यास दोष देण्यापूर्वीं शिक्षकानें व पालकानें एकदां बाराव्या पडद्याची परीक्षा करून पाहावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.